सापाचा उपास

आमच्या वऱ्हाडात जेवणाला ‘नाही’ म्हटलेलं ऐकून घ्यायची रीत नाही. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला, तर वाढणारी बाई त्या हाताच्या फटीतून वरण सोडते. पोळ्याच्या दिवशी बैलानं पुरणपोळीवरून तोंड फिरवलं, तरी घरधनी वेसण धरून घास आत सारतो आणि म्हणतो, “खाय रे राजा, आज तुयाच दिवस हाय.” यात वाईट काही नाही. ज्या मुलखानं दुष्काळ पाहिले, सावकार पाहिले, ज्वारी संपल्यावर अंबाडीच्या भाजीवर दिवस काढले, त्या मुलखात घास पुढं करणं हीच माया दाखवायची पहिली तऱ्हा असणार. माया आहे म्हणून घास, आणि घास नाकारला म्हणजे माया नाकारली, असा आमचा हिशेब.

हा हिशेब सापाला लागू होतो काय, असा प्रश्न गेल्या चार-पाच वर्षांत माझ्यापुढं दोनदा आला. एकदा आमच्याच वाड्यात, एकदा पुण्याहून फोनवर. दोन्ही वेळा साप कुणाच्या तरी ताब्यात होता आणि खात नव्हता. ज्याच्या ताब्यात होता तो पोरगाही मग धड जेवत नव्हता. शेतकऱ्यानं सापाच्या भुकेचा विचार करत बसावं, हे काहींना रिकामपणाचं वाटेल. पण जो जीव बोलत नाही, पळू शकत नाही आणि खातही नाही, त्याचं आपण काय देणं लागतो, हा प्रश्न मला कापसाच्या भावापेक्षा हलका वाटत नाही. निदान त्याचं उत्तर सरकारवर ढकलता येत नाही.

सापाला खाऊ घालायची हौस आपल्याकडे नवी नाही. नागपंचमीला आमच्या गावी वावरात वखर-नांगर चालत नाही, चुलीवर तवा ठेवत नाहीत, चिरणं-कापणं बंद. बाया वारुळापाशी लाह्या-फुटाणे ठेवतात, दुधाची वाटी ठेवतात. त्या दुधानं कोणाचं काही बिघडत नाही. ते मुंग्या नेतात, कुत्रं चाटून जातं. बिघडतं ते टोपलीतल्या नागाचं. माझ्या लहानपणी पंचमीला गारुडी दारोदार यायचे. टोपलीतला नाग खरंच दुधाच्या वाटीत तोंड घालायचा आणि आयाबाया हात जोडायच्या. तो दूध का पितो, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. पंचमीच्या आधी कितीतरी दिवस त्याला पाण्याचा थेंब दिलेला नसतो. तहानेनं सुकलेला जीव समोर जे ओलं दिसेल त्यात तोंड घालतो. सापाला दूध पचत नाही. श्वासाच्या नळीत गेलं तर फुप्फुसाचा आजार होतो. त्यात विषदात उपटलेले, काहींची तर तोंडं दोऱ्यानं शिवलेली. त्या जखमा चिघळतात आणि पुढं कुणी उंदीर दिला तरी तो नाग खाऊ शकत नाही. लोक म्हणतात, नागोबानं अन्न सोडलं.

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सगळ्या देशाला माहीत आहे. तिथं जिवंत नाग धरून त्यांची पूजा करत, मिरवणूक काढत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढं उच्च न्यायालयाचे आदेश यामुळं ते थांबलं, तेव्हा तिथल्या लोकांना मनापासून दुःख झालं. त्यांचं म्हणणं, आम्ही नागाला पोटच्या पोरासारखं जपतो आणि सणानंतर जिथून आणला तिथं सोडतो. त्यांच्या मायेला मी खोटं म्हणणार नाही. पण ‘जपणं’ म्हणजे काय, हे तिथंही जपणाराच ठरवत होता. मडक्यातल्या नागाला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायची सोयही नव्हती. माझा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

आता वाड्यातल्या धामणीचं सांगतो. दिवाळी नुकतीच झाली होती. गावाबाहेर शेततळं खोदणाऱ्या जेसीबीच्या दातांखाली ती सापडली. चांगली सहा फुटी होती, पाठीवरची वीतभर कातडी सोललेली. माझ्या पुतण्याचा थोरला पोरगा सर्पमित्र आहे. त्यानं ती उचलली, वनरक्षकाला कळवलं, जनावरांच्या डॉक्टरांकडून टाके घालून घेतले. आपल्याकडचा कुठलाही साप घरी पाळता येत नाही, कायद्यानं गुन्हा आहे. हे तो पोरगा गावाला नेहमी सांगतो. पण जखम भरेपर्यंत धामण कुठंतरी ठेवणं भाग होतं, म्हणून वनरक्षकाच्या सांगण्यावरून आमच्या रिकाम्या कोठ्यात जाळीची पेटी आली.

धामण ही शेतकऱ्याच्या घरची बिनपगारी सालदार. उंदीर खाते, घुशीच्या बिळात शिरते, विष नाही. तरी आमच्याकडे तिच्यावर आळ आहे की ती गाईच्या पायाला वेढा घालून दूध पिते. हे अजून एकाही गाईला माहीत नाही. असो.

पहिला आठवडा गेला, तिनं काही खाल्लं नाही. पोरानं मेलेला उंदीर ठेवला, तो सकाळी तसाच. बेडूक ठेवला, तो पेटीत आरामात बसून राहिला. पंधरा दिवस झाले, वीस झाले. मग गाव जमा झालं. एकानं सांगितलं, अंडं फोडून पाजा. दुसऱ्यानं सांगितलं, खिम्याच्या गोळ्या करा. एकानं तर मोबाइलवर परदेशातला व्हिडिओ काढून दाखवला. त्यात एक माणूस सापाचं डोकं धरून चिमट्यानं घशात मांस सारत होता. आमच्या वहिनी रोज देवपूजा झाली की कोठ्याच्या दारात उभ्या राहायच्या. “जीव उपाशी ठेवून पाप कायले घेता डोक्यावर?” शेवटी पोरगं माझ्याकडं आलं.

“आबाजी, धरू काय तोंड? आपन दोघं असलो तं होते.”

“आधी मले सांग, ते खात काहून नाही?”

“भूक नसन.”

“मंग भूक नसलेल्याले कायले चारतं?”

“पन मरन ना ते, आबाजी!”

त्या ‘मरन ना’ मध्ये सगळं आलं. तोंड धरायला माझी हरकत होती, पण त्याच्या भीतीला माझ्याकडं लगेच उत्तर नव्हतं.

मग आम्ही दोघं पेटीपुढं बसलो आणि बैलाच्या आजाराची चौकशी करावी तशी चौकशी केली. कोठ्यावर पत्रे. नोव्हेंबर उतरला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात रात्री गारठा चांगलाच पडतो. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. खाल्लेला उंदीर पचायला अंग तापलेलं हवं, साधारण तीस अंशांच्या आसपास. गारठलेल्या सापाच्या पोटात उंदीर गेला तर तो पचायच्या आधी सडतो आणि साप तो उलटून टाकतो, कधी त्यातच जातो. दुसरं, पेटीला चारही बाजूंनी जाळी, आडोसा म्हणून काही नाही. दिवसभर पोट्टे टॉर्च मारून पाहतात, रोज औषध लावायला तिला उचललं जातं. उघड्यावर धरलेला साप पोटाचा विचार करत नाही, सुटकेचा करतो. तिसरं, जखमेचं दुखणं. चौथी एक शंका पोरानंच काढली: वावरात उंदरांसाठी जे औषध टाकतात, ते खाल्लेला उंदीर हिनं आधीच गिळला असेल काय? ती शंका डॉक्टरांना विचारली, ते म्हणाले तशी लक्षणं नाहीत.

एवढं झाल्यावर काम सोपं झालं. पेटीला तीन बाजूंनी पोत्याचं बारदान बांधलं. एका कोपऱ्याच्या वर बल्ब लावला, म्हणजे तिला पाहिजे तर उबेत जाईल, नको तर दुसऱ्या कोपऱ्यात. फुटक्या माठाचा अर्धा भाग उपडा ठेवला. पसरट भांड्यात पाणी. पोट्ट्यांना कोठ्याची बंदी. औषध डॉक्टरांना विचारून एकाआड एक दिवस. पोरगं म्हणे, “यात खायाचं काईच नाही!” खायचं काही नव्हतंच.

काही दिवसांत तिचे डोळे निळसर-दुधी झाले. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे असे होतात. त्याला नीट दिसत नाही, तो लपून राहतो आणि शहाणा असतो म्हणून खात नाही. त्या दिवसांत आम्ही तोंड धरून घास सारला असता तर काय झालं असतं, हे सांगायला नको. सापाच्या जबड्यात बारीक, आत वळलेले दात असतात, ते मोडतात. तोंडात जखम झाली की ती पिकते. श्वासाचं भोक तोंडातच, जिभेच्या मागं पुढं असतं, त्यात काही गेलं तर संपलं. कात पडली, जखमेच्या जागी थोडी फाटकी पडली, पण पडली. आडतिसाव्या दिवशी भर दुपारच्या उन्हात वनरक्षकाच्या समोर तिला त्याच धुऱ्यावर सोडलं. ती तुरीच्या ओळीत शिरली आणि एका जुन्या बिळात गेली. आमच्या ताब्यातल्या आडतीस दिवसांत तिनं आमच्या हातचं काहीही खाल्लं नाही. पुढं तिचं काय झालं ते तिलाच ठाऊक.

मग मी विचार करत राहिलो की बैलाच्या बाबतीत मी असं वागतो काय? नाही. बैलानं कुटार-ढेप सोडली, रवंथ थांबला, तर मी रात्र जाऊ देत नाही. डॉक्टर येईपर्यंत चौघं मिळून तोंड वर धरतो आणि बांबूच्या नळ्यातून काढा घशात ओततो. त्यालाही ते आवडत नाही. तोही डोळे पांढरे करतो. तिथं मला कसलाही संकोच वाटत नाही. मग सापालाच ही सवलत का?

मला वाटतं, फरक आमच्या आणि त्याच्या जुन्या नात्यात आहे. बैल हजारो वर्षं माणसाच्या दाव्याला आहे. त्याच्या बापजाद्यांनी माणसाच्या हातचं खाल्लं. घास म्हणजे काय ते त्याला कळतं. मी पाटी घेऊन कोठ्यात शिरलो की तो मान वळवतो. आणि त्याचं न खाणं म्हणजे पोट बंद पडल्याची खूण. गाईबैलाचं पोट दोन-तीन दिवस चालेनासं झालं की जीव जातो.

सापाचं तसं नाही. सापाला त्याच्या सबंध जातीत कधी कुणी घास दिलेला नाही. चिमणी पिलाच्या चोचीत दाणा घालते, कुत्री दूध पाजते. सापाची आई यातलं काही करत नाही. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून दोनेक महिने बसते, अंग थरथरवून अंड्यांना ऊब देते आणि त्या काळात स्वतः जवळजवळ उपाशी राहते. पण तीही पिलाच्या तोंडात काही घालत नाही. पिलू अंड्यातून निघालं की त्याचं ते. त्यामुळं चिमट्यात धरून तोंडात सारलेलं मांस ही आपल्या लेखी माया असेल, सापाच्या लेखी तो हल्लाच. कुणीतरी मोठ्या जनावरानं डोकं धरलं आणि घशात काहीतरी कोंबलं, एवढंच त्याला कळत असणार. माया पोचायला घेणाऱ्याकडं ती ओळखायची जागा लागते.

आणि उपास त्याच्या देहाला जमतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासकानं तीन जातींच्या सापांना १६८ दिवस, म्हणजे साडेपाच महिने, अन्नावाचून ठेवून पाहिलं. तो अभ्यास २००७ मध्ये छापून आला. सापांनी आपल्या देहाचा खर्च इतका कमी केला की काहींचा तो नेहमीच्या पावभराच्या जवळ आला, आणि त्या उपासातही त्यांची लांबी थोडी वाढली. मोठ्या अजगरांवर झालेलं दुसरं काम सांगतं की एक मोठं भक्ष्य गिळल्यावर दोन दिवसांत त्यांचं हृदय चाळीस टक्क्यांपर्यंत वाढतं आणि पचन झालं की पुन्हा लहान होतं. घराला पाहुणे आले की चूल मोठी करायची, गेले की विझवायची, असा हा संसार. त्याला आपल्या दोन वेळच्या भाकरीचं माप लावणं म्हणजे विहिरीची खोली बादलीनं मोजणं.

इथपर्यंत आलं की मन सुखावतं. ‘निसर्गाला सगळं कळतं, आपण मध्ये पडू नये’ असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. मला त्या मोकळेपणाची भीती वाटते. धुऱ्यावरच्या सापाबद्दल मी तसं म्हणू शकतो. पेटीतल्या सापाबद्दल नाही. धुऱ्यावरचा साप थंडी वाजली तर बिळात जातो, ऊन हवं तर दगडावर येतो, तहान लागली तर नाल्यावर उतरतो. पेटीतल्या सापाच्या या सगळ्या वाटा आपण बंद केल्या. आता त्याचा उपास हा त्याचा एकट्याचा राहिला नाही, त्यात आपला वाटा आला. तेव्हा ‘वाट पाहू’ म्हणणाऱ्यानं हातावर हात ठेवून वाट पाहायची नसते. दर आठवड्याला वजन करायचं. पाठीचा कणा वर दिसतो काय, कातडीला सुरकुत्या पडतात काय, तोंडातून लाळ किंवा फेस येतो काय, श्वासाला घरघर आहे काय, ते पाहायचं. वजन भराभर उतरू लागलं तर जनावरांच्या अशा डॉक्टरांकडं न्यायचं ज्यांना सापाचं कळतं. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, आपल्या भागातली जखमी रानजनावरं तिथं जातात. अशा ठिकाणी जाणकार माणूस शेवटचा उपाय म्हणून नळीनं पातळ अन्न पोटात सोडतो. अंड्यातून निघून पहिलं भक्ष्यच न घेणाऱ्या पिलालाही कधी हा उपाय लागतो. त्याला माझा विरोध नाही. हेमलकशाला प्रकाश आमट्यांकडं आईवेगळी पिलं येतात, त्यांना बाटलीनं दूध पाजलं नसतं तर ती जगलीच नसती. माझा विरोध आहे तो घाईला. पहिल्या आठवड्यातच हात तोंडाकडं जातो, तो सापाच्या भुकेमुळं जात नाही. आपल्याला ती बंद पेटी पाहवत नाही म्हणून जातो.

आमच्या आईचे शेवटचे दिवस मला आठवतात. नव्वदीची होती. एका सकाळपासून तिनं तोंड मिटून घेतलं. चमचा नेला की मान फिरवायची. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातूनच विचारी, “बाई जेवली काय?” आणि ‘नाही’ म्हटलं की आमच्याकडं असं पाही जणू आम्ही तिला उपाशी मारतो. लोकांच्या त्या नजरेसाठी आम्ही तिच्या तोंडात पेज ओतली असती, तर ठसका लागून ती गेली असती. आम्ही कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करत राहिलो. सहाव्या दिवशी ती गेली. शेजारची एक म्हातारी अजून म्हणते, पोरांनी माउलीला घास दिला नाही. तिला मी उत्तर देत नाही.

आमच्यापासून फार लांब नसलेल्या पवनारला विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न आणि औषध दोन्ही सोडलं. वय सत्त्याऐंशी. १५ नोव्हेंबरला ते गेले. मी तेव्हा विशीत होतो. आमच्या पारावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. काही म्हणायचे, डॉक्टर काय करून रायले, नळी घाला. काही म्हणायचे, त्यांनी स्वतः ठरवलं, त्यांच्या तोंडाशी कोण जाणार? विनोबांचा निर्णय पटो न पटो, त्यांनी तो समजून-उमजून घेतला होता आणि लोकांनी त्यांच्या ‘नाही’चा अर्थ ‘नाही’ असाच घेतला. साप आणि विनोबा एका वाक्यात आणल्याबद्दल कुणी रागावू नये. मी फरकच सांगतो आहे. माणसाच्या ‘नाही’मागं विचार असू शकतो. सापाचा ‘नाही’ हा विचार नाही, व्रत नाही, प्रायोपवेशन तर नाहीच. तो देहाचा जाब आहे: इथं गार आहे, इथं उजेड आहे, मला दुखतं, मला सोडा. त्याचा मान ठेवायचा म्हणजे त्याला संत करायचं नाही, त्याचा जाब वाचायचा.

आमच्या जिल्ह्याला हे वाचन जास्त यायला पाहिजे. यवतमाळचं नाव पेपरात कशासाठी येतं ते मी लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. ज्या घरावर तसा प्रसंग आला त्या घरच्या बाया मागाहून एक गोष्ट सांगतात, ती मी दोन-तीन घरी ऐकली आहे: “पंधरा दिवसांपासून ताट सारून उठत होते.” त्या पंधरा दिवसांत त्यांनी काय केलं नाही? आवडीची भाजी केली, गोड केलं, शपथ घातली, पोराला मांडीवर बसवून बापाला घास भरवायला लावला. यात त्या माउल्यांचा दोष काढणारा माणूस मी नाही, त्यांना दुसरं शिकवलंच कुणी? पण ताट सारणाऱ्याचं पोट बिघडलेलं नव्हतं. बँकेची नोटीस खिशात होती, नाहीतर पऱ्हाटीला बोंडअळी लागली होती, नाहीतर पोरीच्या लग्नाचा शब्द दिला होता. घास त्याच्या तोंडापर्यंत गेला, प्रश्न त्याच्यापर्यंत गेला नाही.

पुण्याचा फोन यानंतरचा. माझ्या भाच्याचा पोरगा तिकडं कंपनीत आहे, एकटा राहतो. त्यानं बॉल पायथन पाळला आहे. हा आफ्रिकेतला लहान अजगर, भ्याला की चेंडूसारखं वेटोळं करतो म्हणून हे नाव. तिकडं तो उंदरांच्या बिळात आणि वारुळात राहतो. परदेशी जात असल्यानं आपल्या देशी सापासारखी त्याच्यावर सरसकट बंदी नाही. पण २०२४ च्या नियमांनी अशा बऱ्याच परदेशी प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि ती त्यानं केली आहे. हौस म्हणून सापाला काचेत ठेवणं मला पटत नाही, हे मी त्याला पहिल्यांदाच सांगून टाकलं. तो म्हणाला, “आबा, ते मागचं झालं. आता तीन महिने तो जेवत नाही, त्याचं सांगा.”

बरोबर होतं त्याचं. चूक पहिली असली तरी आजचं देणं आजच द्यावं लागतं. धामणीला आम्ही धुऱ्यावर सोडून मोकळे झालो, याला सोडायला धुराच नाही. इथल्या रानात सोडला तर एक तर तो मरेल किंवा रानाचं काहीतरी बिघडवेल. अमेरिकेत फ्लोरिडाच्या पाणथळ रानात हौशी लोकांच्या घरचे ब्रह्मदेशी अजगर सुटले आणि वाढले. आता तिथले ससे आणि रॅकून कितीतरी भागात जवळजवळ दिसेनासे झाले आहेत. आपल्याकडं तसंच होईल असं नाही, पण हात धुऊन घ्यायची ती वाट बंद समजायची. म्हणजे हा साप जगेल तोवर या पोराचा, आणि ही जात तीस वर्षंही जगते. ताब्यात घेण्याचा अर्थ लग्नापेक्षा जड आहे, असं मी म्हटलं तर तो हसला.

मग मी त्याला तेच विचारलं जे कोठ्यात विचारलं होतं. ऊब किती? लपायला जागा? तो म्हणे, मोठी सुंदर काचपेटी घेतली, सगळीकडून दिसते. म्हटलं, तुला दिसते, त्याला काय? दोन्ही टोकांना अंगाला घासेल एवढी अंधारी जागा कर. किती वेळा हातात घेतोस? रोज, ऑफिसातून आला की. ते बंद कर. नर की मादी? नर. हिवाळ्यात, जोडीच्या दिवसांत या जातीचे नर कित्येकदा महिनोन्‌महिने खात नाहीत, हे त्याच्या डॉक्टरनंही सांगितलं होतं. पण ते ऐकून त्याला झोप येत नव्हती.

“आबा, मी काहीच करू नको म्हणता?”

“मी एवढी कामं सांगितली तुले, तं काईच कसं?”

“पण त्याला भरवू नको.”

“डॉक्टर सांगत नाही तवरक नाही. दर रविवारी वजन कर आन् मले कळव. दहावा हिस्सा उतरलं की मले नको विचारू, सीधा दवाखान्यात ने.”

तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्याचा मेसेज येतो. आमच्या घरची चहा देताना विचारते, “जेवला काय पुन्याचा पाहुना?” सुरुवातीला वजन होतं १ किलो २४० ग्रॅम. मग १ किलो २३०. मग दोन आठवडे १ किलो २२५. परवाच्या रविवारीही १ किलो २२५ होतं, आणि खाली त्यानं लिहिलं होतं की रात्री तो बाहेर येऊन पाणी पिऊन गेला.